‘पैकी’च्या आधी काय आहे? सर्व्हेच्या तक्त्यातून संभाव्यता काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी उजाडला की नागपुरातली एमबीए, एमएसडब्ल्यू, बीएडची पोरं भरलेल्या फॉर्मचे गठ्ठे घेऊन माझ्याकडे येतात. विषय दर वर्षी वेगळे आणि प्रश्न मात्र तेच, म्हणून एकदाचे लिहून ठेवतो आहे. खालच्या तक्त्यातले आकडे मी हिशेब तोंडी जमावा म्हणून स्वतः बसवले आहेत. शहराबद्दलची माहिती म्हणून ते कुठेही वापरू नका.

समजा ५०० जणांना दोनच प्रश्न विचारले: तुम्ही काय करता आणि रोज मुख्यतः कशाने जाता?

| | दुचाकी | मेट्रो | आपली बस (शहर बस) | इतर | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| विद्यार्थी | ८० | ६० | ४० | २० | २०० |
| नोकरदार | १२० | ३० | ३० | २० | २०० |
| दुकानदार | ८० | १० | ५ | ५ | १०० |
| एकूण | २८० | १०० | ७५ | ४५ | ५०० |

जॉइंट, मार्जिनल आणि कंडिशनल यांत नेमका फरक काय?

फरक छेदाचा. त्यातल्या दोघींचा तर अंशही एकच असतो.

विद्यार्थीही आहे आणि मेट्रोनेही जातो, असे ६० जण. त्यांना सगळ्या ५०० ने भागलं की ०.१२, ही जॉइंट म्हणजे संयुक्त संभाव्यता. नुसते मेट्रोवाले १००, त्यांना ५०० ने भागलं की ०.२०, ही मार्जिनल म्हणजे सीमांत. आणि आधी फक्त २०० विद्यार्थी बाजूला काढले, बाकीचे ३०० जण खोलीबाहेर पाठवले, आणि मग उरलेल्यांत मेट्रोवाले मोजले तर ६० भागिले २००, म्हणजे ०.३०. ही कंडिशनल, सशर्त. शर्त घालणं म्हणजे माणसं खोलीबाहेर पाठवणं, इतकंच डोक्यात ठेवा.

लिहिताना मी असं लिहितो: सं(मेट्रो | विद्यार्थी) = ०.३०. मधली उभी रेघ वाचताना ‘असताना’ म्हणा: ‘विद्यार्थी असताना मेट्रोने जाण्याची संभाव्यता’. रेघेच्या उजवीकडे जे आहे, ते छेदात जातं.

मार्जिनल हे नाव कुठून आलं?

वहीच्या समासातून. तक्त्याच्या कडेला, समासात, ज्या बेरजा लिहितात त्यांना एकूण संख्येने भागायचं. पाठ्यपुस्तकी ‘सीमांत’ ऐकून काहींना अर्थशास्त्रातला सीमांत खर्च आठवतो, त्याचा इथे काही संबंध नाही.

‘मेट्रोने जाणारे विद्यार्थी किती टक्के?’ माझं उत्तर १२, मैत्रिणीचं ३०, गाइडचं ६०. बरोबर कोण?

तिघंही. चुकलाय तो प्रश्न.

मराठीत एक शब्द आपल्याला फुकटात मिळाला आहे: पैकी. ‘पैकी’च्या आधी जे येतं तो छेद. ‘विद्यार्थ्यांपैकी किती जण मेट्रोने जातात?’ इथे आधी विद्यार्थी आहेत, म्हणून छेद २०० आणि उत्तर ३० टक्के. ‘मेट्रोने जाणाऱ्यांपैकी विद्यार्थी किती?’ आधी मेट्रोवाले, छेद १००, उत्तर ६० टक्के. ‘विचारलेल्या सगळ्यांपैकी मेट्रोने जाणारे विद्यार्थी किती?’ छेद ५००, उत्तर १२ टक्के.

पहिली दोन वाक्यं पटकन वाचली तर सारखीच वाटतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. सं(मेट्रो | विद्यार्थी) आणि सं(विद्यार्थी | मेट्रो) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संत्री विकणाऱ्यांपैकी बहुतेक जण विदर्भातले असतील, पण त्यावरून विदर्भातले बहुतेक जण संत्री विकतात असं होत नाही. हे बोलताना कोणाचं चुकत नाही, टक्के लिहायला बसलं की चुकतं.

मी स्वतः चुकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी अहवाल लिहिताना मी कॉलमचे (उभ्या रकान्याचे) टक्के काढले आणि वाक्यं रोची (आडव्या ओळीची) लिहिली. चाळीस पानं छापून झाली. बैठकीत एका वयस्क बाईंनी चष्मा वर सरकवून विचारलं, ‘अहो, हे नक्की कोणापैकी?’ मी तक्ता बघितला, वाक्य बघितलं, आणि पुढची दहा मिनिटं पाणी पीत बसलो. तेव्हापासून प्रत्येक टक्क्यामागे ‘पैकी’ लिहिल्याशिवाय मी पान पुढे सरकू देत नाही.

वाक्यात ‘पैकी’ नसेल तर काय करायचं?

घालून बघायचं. ‘विद्यार्थ्यांमध्ये मेट्रोचं प्रमाण’ म्हणजे विद्यार्थ्यांपैकी. ‘मेट्रोच्या प्रवाशांत विद्यार्थी’ म्हणजे प्रवाशांपैकी. ‘जर... तर’ असेल तर ‘जर’मागचा भाग छेदात जातो. वाक्यात नुसतं ‘आणि’ असेल तर बहुधा जॉइंट. ‘मेट्रोवाले विद्यार्थी’ अशी जोडगोळी मात्र धोकादायक, तिथे तक्त्याखाली छेद लिहूनच टाका.

मोठ्या सर्वेक्षणांचे तक्ते वाचतानाही हीच सवय कामाला येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीच्या (२०१९–२१) जिल्हा पत्रकांत नागपूर जिल्ह्याचंही पत्रक आहे. त्यातल्या ओळींचे छेद वेगवेगळे आहेत: कुठे १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया, कुठे ५ वर्षांखालची बालकं, कुठे कुटुंबं. वरखाली छापलेत म्हणून ते टक्के एकमेकांत मिळवता येत नाहीत.

मग रोचे टक्के द्यायचे की कॉलमचे?

तुमचा प्रश्न ज्यांच्याबद्दल आहे त्यांना १०० करा. ‘कोण कशाने जातं’ हे सांगायचं असेल तर विद्यार्थी, नोकरदार, दुकानदार हे प्रत्येकी १००. ‘मेट्रोत बसलेले कोण आहेत’ हे जाहिरातवाल्याला हवं असेल तर मेट्रोचा कॉलम १००. दोन्ही एकाच तक्त्यात कोंबू नका, वाचणाऱ्याचे डोळे फिरतात.

एक्सेलमध्ये कसं करायचं?

पिव्होट टेबल करा, आकड्यावर राइट क्लिक, ‘शो व्हॅल्यूज ॲज’. तिथे ग्रँड टोटल निवडलं तर जॉइंट मिळते आणि तिच्या कडेच्या बेरजा म्हणजे मार्जिनल. रो टोटल आणि कॉलम टोटल निवडलं की दोन्ही बाजूंच्या कंडिशनल. पहिल्या वेळी मात्र हे कागदावर करा. ताळ्याच्या खुणा ओढत, चार उभ्या नि पाचवी आडवी, शंभर फॉर्म हाताने मोजलेला पोरगा छेद विसरत नाही, हा माझा अनुभव.

काहींनी एक प्रश्न कोरा सोडला. त्यांचं काय?

आधी ठरवा आणि तक्त्याखाली लिहा. समजा ५२० फॉर्म आले आणि २० जणांनी वाहनाचा रकाना कोरा ठेवला. ५०० वर हिशेब केलात तर तुमची प्रत्येक संभाव्यता गुपचूप सशर्त झाली: ‘उत्तर दिलेलं असताना’. कोरे सोडणारे इतरांसारखेच असतील तर बिघडत नाही. पण ते २० च्या २० दुकानदार असतील तर बिघडतं. म्हणून कोऱ्या फॉर्मचाही छोटा तक्ता करा. ‘सांगता येत नाही’ हे मात्र उत्तर आहे, त्याला स्वतंत्र कॉलम द्या, कोऱ्यात ढकलू नका.

एकापेक्षा जास्त पर्याय निवडायला दिले होते. बेरीज १४० टक्के येते. चुकलं का?

नाही. स्टेशनापर्यंत गाडी, पुढे मेट्रो असं जाणारा दोन ठिकाणी मोजला गेला. अशा वेळी ‘मेट्रो वापरणारे’ हा एक प्रश्न आणि ‘दुचाकी वापरणारे’ हा दुसरा, दोन्हींची उत्तरं हो-नाही. म्हणजे तुमच्याकडे एक तक्ता नाही, अनेक छोटे तक्ते आहेत. छेद उत्तरांची संख्या नव्हे, माणसांची संख्या. गुगल फॉर्मचे आलेख बघताना हे खास लक्षात ठेवा.

व्यवसाय आणि वाहन यांचा संबंध आहे का, हे कसं कळतं?

संबंध नसता तर विद्यार्थी असो की दुकानदार, मेट्रोचं प्रमाण तेच आलं असतं, म्हणजे मार्जिनल २० टक्के. इथे विद्यार्थ्यांत ३०, नोकरदारांत १५, दुकानदारांत १०. दुसऱ्या वाटेने बघा: संबंध नसेल तर जॉइंट ही दोन मार्जिनलच्या गुणाकाराइतकी हवी. ०.४० गुणिले ०.२० म्हणजे ०.०८, म्हणजे ४० विद्यार्थी अपेक्षित होते. आले ६०.

पण नमुना घेतला की गुणाकार अगदी तंतोतंत जुळणं जवळपास अशक्यच. नोकरदार आणि ‘इतर’चा खण बघा: अपेक्षित १८, आले २०. एवढ्या फरकावर निष्कर्ष काढायचा नसतो. सगळ्या खणांचा मिळून हिशेब करायला काय-वर्ग चाचणी आहे. या तक्त्यात ती किंमत साधारण ४९.७ येते. स्वातंत्र्याच्या मात्रा, म्हणजे तक्त्यातले मोकळेपणाने बदलू शकणारे खण, (३−१) गुणिले (४−१) म्हणजे ६, आणि ५ टक्के पातळीला मर्यादा १२.५९: संबंध नसेल तर नुसत्या योगायोगाने ती शंभरात साधारण पाचदाच ओलांडली जाते. म्हणजे व्यवसाय आणि वाहन एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं म्हणायला जागा नाही.

आम्ही सगळे फॉर्म सीताबर्डी इंटरचेंजवर उभं राहून भरून घेतले. चालेल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि पोरं तो सगळ्यात शेवटी, चहा संपताना विचारतात.

खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला भेटतात. माणसं भरपूर मिळतात, सावली असते, फॉर्म पटापट भरून होतात. पण तिथे भेटणारा जवळपास प्रत्येक जण मेट्रोवालाच. तुम्ही मेट्रोच्या कॉलमवर आधीच शर्त घालून बसलात. त्या गठ्ठ्यातून ‘नागपुरात मेट्रोने जाणारे किती’ हे निघणार नाही, कारण ते तुम्ही जागा निवडली तेव्हाच ठरलं. ‘विद्यार्थ्यांपैकी मेट्रोने जाणारे किती’ हेही निघणार नाही, कारण दुचाकीवरचे विद्यार्थी खालून रस्त्याने निघून गेले.

मात्र ‘मेट्रोने जाणाऱ्यांपैकी विद्यार्थी किती’ हे निघू शकतं. ज्या शर्तीवर नमुना घेतला, त्याच शर्तीची कंडिशनल वाचते. एक अट: मेट्रोवाल्यांपैकी प्रत्येक जण भेटण्याची शक्यता सारखी हवी. सकाळी कॉलेजच्या वेळी दोन तास उभे राहिलात तर विद्यार्थी फुगणार, आणि दुकानं बंद व्हायच्या वेळी दुकानदार. वार बदला, वेळ बदला, एलएडी चौकासारखं कॉलेजजवळचं स्टेशन आणि प्रजापतीनगरसारखं टोकाचं स्टेशन दोन्ही घ्या. आणि तुम्हाला बरा दिसेल तो माणूस थांबवू नका. बाहेर पडणारा दर दहावा थांबवा, मग तो ‘गाडी सुटते ना बाप्पा’ म्हणून वैतागला तरी. नाही म्हणणाऱ्यांचीही नोंद ठेवा.

फॉर्म भरून झाले असतील तर फेकू नका. प्रकल्पाचा प्रश्न बदला: ‘नागपूरकरांची प्रवासाची पसंती’ऐवजी ‘मेट्रो प्रवाशांची रचना’. शीर्षक लहान होतं, पण खरं होतं.

आमच्या नमुन्यात विद्यार्थीच जास्त आले, कारण आम्हीच विद्यार्थी. दुरुस्त करता येईल का?

बऱ्याचदा येतं. प्रत्येक गटातली कंडिशनल भरवशाची असेल तर गटांचं खरं प्रमाण बाहेरून घ्यायचं आणि त्याने वजन द्यायचं. समजा खऱ्या वस्तीत विद्यार्थी ४० नव्हे, २० टक्के आहेत, नोकरदार ५५ आणि दुकानदार २५. आता २००० माणसं डोळ्यांपुढे आणा. ४०० विद्यार्थी, त्यांतले ३० टक्के म्हणजे १२० मेट्रोवाले. ११०० नोकरदार, त्यांतले १५ टक्के म्हणजे १६५. ५०० दुकानदार, त्यांतले १० टक्के म्हणजे ५०. एकूण ३३५. म्हणजे मेट्रोची मार्जिनल २० वरून १६.७५ टक्क्यांवर आली.

आता मेट्रोवाल्यांपैकी विद्यार्थी किती? १२० भागिले ३३५, जवळपास ३६ टक्के. आधी ६० होते! विद्यार्थ्यांची सवय तसूभरही बदलली नाही, सं(मेट्रो | विद्यार्थी) तेच ०.३० आहे. वस्तीतलं त्यांचं प्रमाण बदललं म्हणून उलट बाजूची कंडिशनल कोसळली. तुम्ही हे केलंत म्हणजे बेजचा नियम वापरलात. हा नियम ज्यातून आला तो थॉमस बेज यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १७६३ मध्ये, रिचर्ड प्राइस यांच्या खटपटीने छापला गेला. सूत्र पाठ करण्याआधी २००० माणसांची ही युक्ती दोन-तीनदा करा. मग सूत्र आपोआप दिसतं.

२४ लाखांच्या शहरात ५०० माणसं पुरतात का?

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांच्या वर होतं. त्या मानाने ५०० म्हणजे चिमूटभर वाटतात. पण नमुना नीट यादृच्छिक (रँडम) असेल तर चूक ठरते ती मुख्यतः ५०० वरून, २४ लाखांवरून नाही. भाताचं शीत चाचपताना पातेलं किती मोठं हे आपण कुठे बघतो? फक्त आधी नीट ढवळलेलं हवं. मेट्रोच्या २० टक्क्यांभोवती ९५ टक्के खात्रीने साधारण ३.५ अंकांची फट धरा, म्हणजे १६.५ ते २३.५.

खरी अडचण कंडिशनलमध्ये येते, कारण छेद लहान होतो. दुकानदार १०० च आहेत. त्यांच्यातल्या १० टक्क्यांभोवती फट ६ अंकांची, म्हणजे ४ ते १६. बसने जाणारे दुकानदार तर पाचच, त्यातले दोघे त्या दिवशी गावाला गेले असते तर? वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीच्या पत्रकांत छेद २५ ते ४९ असेल तर टक्का कंसात छापतात आणि २५ पेक्षा कमी असेल तर छापतच नाहीत, तिथे तारा दिसतो. तुमच्या प्रकल्पात हाच नियम लावा. परीक्षकाला तो तारा आवडतो.

तिसरा प्रश्न जोडला आणि निष्कर्ष उलटा झाला. डेटा बिघडला का?

बिघडला नाही, उलगडला. आपल्याच तक्त्यात बघा. विद्यार्थी ३० टक्के मेट्रोने जातात, नोकरदार १५. आता ‘घर स्टेशनजवळ की लांब’ हे जोडू. समजा १४० विद्यार्थी जवळ राहतात, त्यांतले ५६ मेट्रोवाले, म्हणजे ४० टक्के. ६० लांब, त्यांतले ४, म्हणजे ६.७ टक्के. नोकरदारांत जवळ राहणारे ४०, त्यांतले १८, म्हणजे ४५ टक्के. लांब १६०, त्यांतले १२, म्हणजे ७.५ टक्के.

जवळच्यांत नोकरदार पुढे, लांबच्यांतही नोकरदारच पुढे, आणि एकत्र केलं की विद्यार्थी दुपटीने पुढे. बेरजा तपासून बघा, ५६ आणि ४ साठच होतात, १८ आणि १२ तीसच. विद्यार्थी स्टेशनाजवळ भाड्याने राहतात म्हणून ते पुढे दिसले. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. गाजलेलं खरं उदाहरण अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या १९७३ च्या प्रवेशांचं: अर्जदार पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के निवडले गेले होते. पण विभागवार बघितल्यावर स्त्रियांविरुद्धचा तो कल बहुतेक ठिकाणी दिसेना. ज्या विभागांत प्रवेश मिळणं मुळात अवघड, तिथे त्यांचे अर्ज जास्त होते.

सीनियरचा २०२० चा डेटा आमच्या डेटात मिसळू का?

नको. मेट्रोची पहिली गाडी मार्च २०१९ मध्ये धावली आणि पहिला टप्पा पूर्ण सुरू झाला तो डिसेंबर २०२२ मध्ये. अर्धीच मार्गिका सुरू असतानाची सशर्त संभाव्यता आजच्या माणसाला लावू नका. शिवाय २०२० मध्ये कोविडही होता. शेजारी शेजारी दोन तक्ते ठेवा, बेरीज करू नका.

विनातिकीट प्रवासाबद्दल विचारलं तर कोणी खरं सांगत नाही. काही उपाय?

आहे, आणि तो कंडिशनलवरच उभा आहे. १९६५ मध्ये स्टॅन्ले वॉर्नर यांनी मांडलेल्या कल्पनेचा हा सोपा अवतार. माणसाच्या हातात नाणं द्या, त्याने ते तुम्हाला न दाखवता उडवायचं. छापा आला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा आला तर खरं उत्तर द्यायचं. समोरचा ‘हो’ का म्हणाला हे तुम्हाला कधीच कळत नाही, म्हणून तो मोकळा होतो.

समजा ३०० पैकी १७४ जण ‘हो’ म्हणाले. छाप्यामुळे साधारण १५० ‘हो’ आलेच असते. उरलेले २४ हे काटा आलेल्या १५० पैकी, म्हणजे १६ टक्के. याची किंमतही मोजावी लागते: त्या १६ भोवतीची फट ११ अंकांपर्यंत जाते. निम्मी उत्तरं तुम्ही नाण्याला देऊन टाकली, मग काय होणार! हे करायचं असेल तर नमुना मोठा घ्या, आणि नाणं आपल्याच खिशातलं द्या. लोक सुटे काढत बसत नाहीत.

टक्क्यांचे दशांश किती ठेवायचे? बेरीज ९९ येते तेव्हा एक आकडा वाढवू का?

५०० माणसांच्या सर्व्हेत एक दशांश पुष्कळ झाला. ३३.३३३३ लिहून अचूकता वाढत नाही. ‘इतर’चा कॉलम बघा: २०, २०, ५ भागिले ४५, म्हणजे ४४.४, ४४.४, ११.१. पूर्णांकात ४४, ४४, ११ आणि बेरीज ९९. मागच्या वर्षी एकाने यातला एक ४४ गुपचूप ४५ केला होता. दोन खणांत २०-२० माणसं आणि टक्के वेगवेगळे, असं पाहून परीक्षकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. आकडे आहेत तसे ठेवा आणि खाली ओळ लिहा: ‘पूर्णांकनामुळे बेरीज १०० येईलच असे नाही.’